सव्वीस सारख्या सह्या

मी सहीचा शिक्का बोलतोय. पत्त्याचे शिक्के असतात, तारखेचे असतात, 'पोचले' म्हणणारे असतात. ती सगळी साधी, सरळ मंडळी. माझ्या रबरावर मात्र एका माणसाची सही उतरवलेली आहे. तो माणूस शेजारच्या तालुक्यात बसलेला असला तरी मी कागदावर पडलो की तो इथं हजर होता असं ठरतं. हीच माझी करामत, आणि याच करामतीची मला आता किळस येते.

सध्या मी डिचोलीतल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये, टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात पडलोय. माझ्याखाली एक दोन पानी कागद आहे. त्या कागदाचं शेवटी सांगेन, कारण त्याच्याचसाठी मी तोंड उघडलंय. एरवी माझ्यासारख्याची जन्मकथा कोण ऐकून घेणार?

डिचोलीच्या बाजारात रामचंद्र यांचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि शिक्के, एवढाच त्यांचा संसार. सहा वर्षांपूर्वी डॉक्टर गौरेश तिथं आले आणि कोऱ्या कागदावर त्यांनी एकाखाली एक दहा सह्या केल्या. त्यातली सातवी रामचंद्रांनी निवडली. नावाखाली लांब रेघ आणि रेघेचं टोक झोकात वर गेलेलं. सही देखणी होती, हे मान्य करायला हवं.

रामचंद्रांनी मला लाकडी मुठीवर चिकटवलं, कडेचं जास्तीचं रबर कातरलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "डॉक्टर, सहीचो शिक्को म्हणजे पोरांचो खेळ न्हय हां. कोणाच्या हातात दिव नकात."

"माझ्याच हातात रवतलो," डॉक्टर म्हणाले.

ते तेव्हा खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्यांनाही त्या घडीला तसंच वाटत असावं.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली बेकरी आहे. सकाळी जिन्यावरून उंड्यांचा, म्हणजे गोल पावांचा, गरम वास वर यायचा आणि पाठोपाठ गुडघे धरून माणसं चढायची. पहिलं वर्ष डॉक्टर रोज यायचे. त्यांच्या हाताला गुण होता, हेही सांगितलं पाहिजे. मये गावच्या एका आजींचा जखडलेला खांदा त्यांनी महिन्याभरात असा सोडवला, की आजींनी जाताना स्वतःच्या हातानं केसांत अबोलीचा वळेसर माळून दाखवला. डॉक्टर तेव्हा खुर्चीवर बसतच नसत. मी टेबलावर असायचो, पण मला काम फार कमी होतं. कार्डावर सही ते पेनानंच करायचे.

मग त्यांनी पेडण्यात दुसरं क्लिनिक काढलं. त्यांचं मूळ घर कोरगावचं, तिथून ते जवळ. विमानतळ झाल्यापासून तिकडे माणसं वाढली, हॉटेलं वाढली, पाठदुखीही वाढली. डॉक्टर डिचोलीला आठवड्यातून तीन दिवस येऊ लागले, मग एक दिवस, मग आलेच तर. इथं रोज येणारी उरली संजना.

संजना जवळच्याच सर्वण गावची. रीतसर फिजिओथेरपी शिकलेली, नोंदणी क्रमांक असलेली, दोन वर्षांपूर्वी पास झालेली. स्कूटरवरून यायची, केस बांधायची, हात धुवायची आणि संध्याकाळपर्यंत त्या हातांना विश्रांती नसायची. कुणाची मान, कुणाची कंबर, कुणाचा झटक्यानं लुळा पडलेला पाय. डॉक्टरांचा गुण आता तिच्या बोटांत आला होता. बाहेरच्या पाटीवर मात्र तिचं नाव नव्हतं.

आता कार्डाबद्दल. विम्यातून उपचार घेणाऱ्या प्रत्येक माणसाचं एक जाड पिवळं कार्ड असतं. त्यावर चार रकाने: तारीख, काय उपचार केले, रुग्णाची सही, उपचार करणाऱ्याची सही. कार्डाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत नियम छापलेला आहे. ज्यानं उपचार केले त्यानंच, त्याच दिवशी, स्वतःच्या हातानं सही करावी. शिक्का चालणार नाही. कार्डांच्या गठ्ठ्यावर मी कितीदा तरी पहुडलो असेन. माझ्या पोटाखाली तो नियम होता आणि आम्हां दोघांनाही कुणी विचारलं नाही.

संजनानं विचारलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं डॉक्टरांना फोन लावला. "सर, उपचार हांव करतां, मग सय हांवेंच केली तर?"

फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तुझां नाव कंपनीकडे खंय नोंदवलेलां आसा?" डॉक्टर म्हणाले. "त्याचो वेगळो फॉर्म आसता. मगे बघूया. आता शिक्को मार गो. मी काय रोज पेडण्यासून सही करूक येतलंय?"

तो फॉर्म पुढे दोन वर्षं 'मगे बघूया'मध्येच राहिला. आणि मी कामाला लागलो. टप, टप, टप. संजना उपचार करायची आणि मी गौरेश म्हणायचो. लोकांचंही काही म्हणणं नसायचं. माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. हातानं केलेली सही ते डोळे बारीक करून तपासतात आणि शिक्का दिसला की निर्धास्त होतात. "शिक्को आसा मरे? मग जालां," असं म्हणत किती जण जिना उतरून गेले, त्याची गणती नाही.

केरबा आला तो श्रावणाच्या सुरुवातीला.

चंदगडकडचा माणूस, पंचेचाळिशीचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंत्राटदाराकडे कामाला. पुठ्ठा कापायच्या मशिनीत त्याचा उजवा हात गेला होता. बोटं शाबूत राहिली, पण त्यांना ओढणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या. मोठ्या इस्पितळात त्या जोडल्या. जोडणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुढच्या तीन महिन्यांत बोटं वळली तर वळली, नाही तर ती तशीच आखडून बसतील, मग देव आला तरी ती वळायची नाहीत. कंत्राटदाराच्या विम्यातून पहिल्या महिन्याचे उपचार मंजूर झाले होते. पुढचे मंजूर करायचे की नाही, ते कार्ड बघून ठरणार होतं.

त्यानं टेबलाजवळ उभं राहून हात पुढे केला. बोटं सुजलेली, ताठ, एकमेकांना अनोळखी असल्यासारखी.

"ताई, मूठ वळंल न्हवं?"

"वळतली, केरबादादा. पण तुम्ही रोज यायचं. एक दिवस चुकवायचा नाय."

"न्हाई चुकवत. आनि कुठं जानार म्या?"

कार्ड भरताना तिनं पेन पुढे केलं. मग स्वतःच ओशाळली आणि म्हणाली, "अंगठा चालेल."

तो अपमान झाल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. "सही येती मला. चौथी झालोय. पर आता हातच न्हाई जाग्याव." आणि त्यानं माझ्याच शाईच्या गादीवर डावा अंगठा टेकवून कार्डावर उमटवला. त्याच्या शेजारी मी पडलो, देखणा, झोकदार, बिनहाताचा. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा लाज वाटली ती त्या दिवशी.

संजनानं त्याच दिवशी एक वही काढली. पहिल्या पानावर तिनं मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं: केरबा. आणि म्हणाली, "ज्या दिवशी तुम्ही उजव्या हातानं हे लिहाल, त्या दिवशी माझी फी मिळाली असं मी समजेन."

मग रोजचं काम सुरू झालं. कोमट मेणात हात बुडवायचा, मग एकेक बोट तिच्या बोटांत धरून वळवायचं. केरबाच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो वर छताकडे बघत गावाकडच्या गोष्टी सांगत राहायचा. बायको रंजना कशी एकटी भात लावते, रेडकू कसं आजारी पडलं. डॉक्टरांच्या कोरगावच्या बागेतल्या काजूबियांची एक पिशवी क्लिनिकमध्ये पडून होती. संजनानं त्या बिया ताटात ओतल्या आणि एकेक उचलून वाटीत टाकायला लावल्या. पहिल्या दिवशी पाऊण तासात चार बिया. आठव्या दिवशी तीस. केरबा मोजायचा आणि फोनवर बायकोला आकडा कळवायचा.

कार्डावरचा त्याचा रकाना बघण्यासारखा होता. आधी नुसते अंगठे. मग एक दिवस उजव्या हातानं ओढलेली थरथरती रेघ. मग 'क'सारखं काही तरी. मग 'के', पण मात्रा भलतीकडे. ओळीमागून ओळ त्याचा हात परत येत होता. आणि शेजारच्या रकान्यात मी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, केसाचाही फरक नाही.

एवढ्यात चवथ आली. चवथीला गोवा बंद असतो, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. देवावर फळापानांची माटोळी बांधायची, गणपती आणायचा, मूळ घरी सगळ्यांनी जमायचं. डॉक्टर पाच दिवसांसाठी कोरगावला गेले आणि दाराला सुट्टीची चिठ्ठी लागली. केरबाचे खोलीवरचे सोबती गावी गेले. त्यालाही जायचं होतं, पण पाच दिवस हात थांबवला तर पुन्हा आखडेल, या भीतीनं तो राहिला.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप उघडल्याचा आवाज आला. संजना होती, सणाच्या साडीत, हातात नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा. मागे केरबा.

"ताई, घरात सन, आनि तुमी माझ्यासाठी?"

"गणपती काय रागावतलो? तुम्ही हात मेणात घाला पयलीं."

त्या दिवशी बेकरी बंद, रस्ता सुनसान, क्लिनिकमध्ये दोघंच. तासभर तिनं त्याची बोटं वळवली. मग वही पुढे केली. केरबानं पेन धरलं. जीभ दातांत, मान वाकडी. बराच वेळ गेला. आणि पानावर 'केरबा' उमटलं, पूर्ण, वाकडं, पण वाचता येईल असं. मग त्यानं कार्ड मागून घेतलं आणि त्यावरही लिहिलं. दोघं हसली, मग तो रडला, मग दोघांनी नेवऱ्या खाल्ल्या.

आता कार्डावर तिची पाळी होती. तिनं पेन उचललं. मी श्वास रोखून बघत होतो. मला श्वास असता तर. त्या दिवशी डॉक्टर कोरगावात आरतीत घुमट वाजवत होते, सगळं काम तिचं होतं, जवळ कुणी अडवणारं नव्हतं. तिनं पेन कार्डावर टेकवलंही. मग दोन वर्षांची सवय आडवी आली. तिनं पेन खाली ठेवलं आणि टेबलावरून मला उचललं.

टप.

माझ्या सगळ्या आयुष्यात तो आवाज मला सगळ्यात जास्त लागला. त्या एका ओळीत तिची सही पडली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चवथ संपली. महिन्याचं कार्ड विमा कंपनीकडे गेलं आणि आठवड्यानं तपासनीस आले. दत्तप्रसाद नावाचे गृहस्थ, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्या दिवशी डॉक्टर मुद्दाम हजर होते. दत्तप्रसादांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, माझ्या नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली. एकाच माणसाच्या सव्वीस सह्या इतक्या सारख्या आलेल्या मी पाहिल्या नाहीत."

डॉक्टर हसले. ते हसू मला ओळखीचं होतं. चुकीच्या जागी बोट दाबलं गेलं की रुग्ण असंच हसतात.

"आणि रुग्णाच्या बघा," दत्तप्रसाद पुढे म्हणाले. "एकही दुसरीसारखी नाही. अंगठा, रेघ, मग हे काय, मग नाव. निरनिराळ्या माणसांनी केल्यासारखं वाटतं."

मला ओरडावंसं वाटलं. अहो, तीच तर खरी आहे! तो हात बरा होतोय, ओळीओळीनं बरा होतोय, याहून मोठा पुरावा तुम्हांला काय पाहिजे? खोटा मी आहे, मला बघा. पण माझ्या रबराला एकच शब्द येतो, आणि तो डॉक्टरांचं नाव आहे.

मग त्यांचं बोट त्या तारखेवर गेलं. "चवथीच्या दुसऱ्या दिवशी उपचार? तुम्ही गणपती सोडून डिचोलीत होता?"

संजनानं डॉक्टरांकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं, की मी नव्हतो, ही होती. डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी क्लिनिक बंद होतं. पोरीनं आगाऊ कार्ड भरून ठेवलं असेल."

"सर!" संजना एवढंच म्हणाली.

केरबा बाहेर बाकावर बसला होता. दत्तप्रसादांनी त्याला आत बोलावलं आणि विचारलं, "तुमच्यावर उपचार कुणी केले?"

केरबाला वाटलं, ताईचं कौतुक करायची हीच वेळ आहे. तो भरभरून बोलला. "समदं ताईनं केलं बगा, सायेब. सनाच्या दिवशी बी आल्या. डाक्टरांस्नी म्या आजच बगतोय."

प्रामाणिकपणाची एवढी घाई करू नये, असं मला त्या वेळी वाटलं. आता वाटतं, की त्या खोलीत खरं बोलणारा तो एकटाच होता आणि मी कोण त्याला शिकवणार.

दत्तप्रसाद मात्र वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, केरबाची बोटं हातात धरून बघितली, वळवायला सांगितली. मग संजनाला म्हणाले, "बाई, उपचार तुम्ही केले असतील तर तसं लिहून द्या. कुठल्याही भाषेत चालेल, पण स्वतःच्या हातानं. तारखा, उपचार, तुमचा नोंदणी क्रमांक आणि तुमची सही. क्लिनिकच्या पत्रासोबत पंधरा दिवसांत आमच्याकडे पोचलं पाहिजे. पोचलं तर यांचे पुढचे उपचार मी मंजूर करून घेईन. नाही पोचलं तर फाईल बंद होईल, मग माझ्याही हातात काही नाही."

पंधरा दिवस. केरबाच्या तीन महिन्यांतला दीड महिना उरला होता.

संजनानं त्याच दुपारी लिहायला घेतलं. सगळ्या तारखा, रोज काय केलं, किती बिया उचलल्या, 'क' कधी आला, मात्रा कधी लागली, चवथीच्या दुसऱ्या दिवशी काय झालं. केरबाच्या वहीत लिहायची तसंच गोल, टपोरं अक्षर. पुरी दोन पानं. शेवटी तिनं सही केली. दोन वर्षं त्या खोलीत राबून तिची पहिली सही. साधी होती, खाली रेघ नव्हती, झोक नव्हता. मी तिच्याकडे बघत राहिलो.

तिनं कागद डॉक्टरांना दिला. "सर, हाचेसोबत तुमचां पत्र जोडून धाडशात मरे? केरबादादाचो हात..."

"आजच धाडतंय," डॉक्टर म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला, आणि मग बराच वेळ खिडकीतून खाली बघत बसले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. हा कागद गेला की कंपनी विचारणार, मग बाकीच्या कार्डांवर कुणी सह्या केल्या? दोन वर्षांची कार्डं निघणार. कंपनीच्या यादीतून नाव जाणार. एका बाजूला पाटी आणि दुसऱ्या बाजूला चंदगडच्या एका माणसाची चार बोटं. हा माणूस एके काळी आजींच्या खांद्यासाठी तासभर उभा राहायचा. मला वाटलं, तो उठेल. पाकीट काढेल.

त्यांनी खालचा खण उघडला. कागद आत ठेवला. मला टेबलावरून उचललं आणि कागद उडू नये म्हणून त्यावर ठेवलं. खण बंद झाला.

पंधरा दिवस मी त्या कागदावर होतो. वरून मला सगळं ऐकू यायचं. डॉक्टरांनी संजनाला पेडण्याच्या क्लिनिकमध्ये पाठवलं आणि निकाल लागेपर्यंत केरबाला हात लावू नको म्हणून बजावलं. केरबा यायचा, बाकावर बसायचा, विचारायचा. "आला का मंजुरीचा कागुद?" नाही म्हटलं की हळूहळू जिना उतरायचा. घरी करायचे व्यायाम संजनानं शिकवले होते, पण त्याला स्वतःचं बोट स्वतः कितीसं दुखवता येणार?

सोळाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. खुलासा मिळाला नाही, फाईल बंद, असं डॉक्टरांनी पुटपुटत वाचलं आणि ते खिशात घातलं. त्या दिवशी संजना डिचोलीला आली होती. तिनं विचारलं, "सर, माझां पत्र?"

"धाडललां मरे," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी मान्य केलां नाय. तुझी सही त्यांच्याकडे चलना नाय."

मी खणात होतो, कागद माझ्या पोटाखाली होता, आणि ती तिथून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. "चलना नाय?" एवढंच तिनं विचारलं. त्या आवाजात राग नव्हता. तिनं ते मानलं, हे मला जास्त लागलं. शिकली, राबली, बोटं झिजवली, आणि शेवटी आपल्या सहीला कवडीची किंमत नाही असं तिला वाटलं, ते माझ्या मालकाच्या एका वाक्यामुळे.

महिनाअखेरीस तिनं नोकरी सोडली. जाण्याआधी तिनं केरबाला सर्वणला घरी यायला सांगितलं होतं, संध्याकाळी, फुकट. तो चार दिवस गेलाही, असं जिन्यात बेकरीवाल्याशी बोलताना तो म्हणाला. मग कंत्राटदारानं त्याला पेडण्याकडे एका बांधकामाच्या गेटवर राखणीला बसवलं. तिकडून सर्वण कुठं आणि तो कुठं. उरलेले दिवस तसेच गेले.

दिवाळी होऊन गेल्यावर केरबा पुन्हा जिना चढून आला. कंत्राटदारानं त्याला सुटी दिली होती, कायमची. हिशोब मिटवायला त्याला उपचार संपल्याचा दाखला हवा होता. डॉक्टर समोर होते, मी खणाच्या फटीतून बघत होतो. त्यांनी दाखला लिहिला, स्वतःच्या पेनानं सही केली, हो, आता ते पेनानं करतात, आणि कार्ड पुढे ढकललं. "इथं सही करा. शेवटची ओळ."

केरबानं उजवा हात पुढे केला. बोटं अर्धी वाकलेली होती आणि तिथंच थिजली होती. पेन त्यानं दोनदा धरलं, दोनदा ते टेबलावर पडलं. तिसऱ्यांदा 'क'चा अर्धा फाटा निघाला.

"असू दे, असू दे. अंगठा द्या," डॉक्टर म्हणाले आणि शाईची गादी काढायला त्यांनी खालचा खण उघडला.

उजेड आला. वर केरबाचा चेहरा दिसला. माझ्या कडेनं कागदाची एक ओळ बाहेर दिसत होती आणि त्याची नजर त्यावर पडली. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"ह्ये ताईंचं अक्षर न्हवं? बऱ्या हायत न्हवं ताई?"

"जुनो कागद तो," डॉक्टर म्हणाले आणि खण पायानं बंद केला.

वर अंगठा टेकल्याचा आवाज झाला. मग जिन्यावरून उतरणारी पावलं. पहिल्या दिवशी त्यानं अंगठा दिला होता आणि शेवटच्या दिवशीही अंगठाच दिला. मध्ये एकदा, चवथीला, त्यानं आपलं नाव लिहिलं होतं, आणि तो दिवस झालाच नाही असं आता कागदोपत्री नोंदलं गेलंय.

परवा रामचंद्रांकडून एक नवा शिक्का आला. मी खणाच्या फटीतून वाचला. त्यावर लिहिलंय: 'सही स्वहस्ते केली आहे.' आता पेनानं सही होते आणि शेजारी तो टपकतो, म्हणजे तपासणाऱ्याला शंका नको. रामचंद्रांनी या वेळी काही बजावलं की नाही, माहीत नाही. मी त्या नव्या पोराला काही बोललो नाही. त्याला कळेल.

माझी शाई सुकली आहे. रबराला भेगा पडल्या आहेत आणि सहीचं ते झोकदार टोक तुटून गेलंय. कुणी मला फेकून दिलं तर माझी तक्रार नाही. पण एक दिवस हे टेबल विकलं जाईल, किंवा रंगाऱ्यासाठी रिकामं केलं जाईल, आणि कुणाचा तरी हात या खणात येईल. तो हात तुमचा असेल तर मला बाजूला टाका आणि खालचा कागद काढा. केरबाच्या बोटांना आता त्याचा उपयोग नाही. तो सर्वणला नेऊन द्या, संजनाचं घर विचारा, कुणीही दाखवील. तिला एवढंच सांगा, की तिची सही कुणी नाकारली नव्हती. ती या खणाबाहेर कधी गेलीच नाही.